जुनी कार्यप्रणाली : सोय आणि सुरक्षितता

संगणक घेताना आपण त्याची किंमत आणि वेग पाहतो; पण त्याचा सारा कारभार जिच्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमचे, म्हणजेच कार्यप्रणालीचे, वय क्वचितच विचारतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिच्यासाठी सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. विंडोज ७ ची सर्वसाधारण मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तरीही अनेकजण जुनी प्रणाली सोडत नाहीत. यामागे केवळ आळस असतो असे नाही.

मराठी मुद्रणाचेच उदाहरण घेऊ. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत मजकूर जुळवला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. मूळ टंक नसेल, तर तोच मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. जुनी पुस्तके पुन्हा छापायची असतील, तर जुन्या संगणकाचा मोह स्वाभाविक ठरतो. शिवाय १६-बिट आज्ञावली ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत आणि जुन्या छपाईयंत्रांना नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर मिळतोच असे नाही. एका प्रणालीबरोबर सगळाच संच बदलावा लागतो.

बँकाही या अडचणीतून सुटल्या नाहीत. एटीएमच्या पोटातही संगणकच असतो. विंडोज एक्सपीवरील एटीएमबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये चिंता व्यक्त केली. पुढे २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने टप्पे ठरवून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के यंत्रे, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व.

ही घाई का, ते मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याने दाखवून दिले होते. या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, बाधितांत बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. म्हणजे प्रणाली नवी असणे पुरेसे नाही; तिच्या दुरुस्त्या वेळेवर बसवणेही तितकेच आवश्यक आहे. मुदत संपलेल्या प्रणालीत मात्र नव्याने सापडलेली फट सहसा उघडीच राहते.

यातून मध्यममार्ग निघतो. जुन्या कामासाठी जुना संगणक अवश्य ठेवावा. परंतु तो इंटरनेटला जोडू नये. त्यातील मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि त्याची प्रत अन्यत्र जतन करावी. बँकेचे व्यवहार मात्र दुरुस्त्या नियमित मिळणाऱ्या संगणकावरूनच करावेत. जुन्या पेटीत जुनी कागदपत्रे ठेवण्यास हरकत नाही. पैसे ठेवायचे तर तिचे कुलूप शाबूत हवे.