फाइलीचे नाव बदलते तेव्हा

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नल', लिहावयास घेतला. या लिनक्स कर्नलवर आज जगभरचे हजारो लोक काम करतात. बहुतेकांची कधी गाठही पडत नाही. कामाचे नियम व माहिती त्यांना मिळते ती 'डॉक्युमेंटेशन' या कप्प्यातील फाइलींतून.

पूर्वी तेथे '००-इंडेक्स' नावाच्या याद्या असत. नावाआधी ही शून्ये कशाला? क्रम लावताना अंक अक्षरांच्या आधी येतात. यादी आपोआप वर दिसे! युक्ती नामी, पण फाइली वाढल्या तशा याद्या कोणी सुधारीना. २०१८ मध्ये त्या काढून टाकल्या.

२०१६ मध्ये 'कोडिंगस्टाइल' ही प्रोग्राम-लेखनाच्या नियमांची फाइल 'प्रोसेस' या उपकप्प्यात गेली. आता पंचाईत अशी, की जुना पत्ता इतरत्र ठिकठिकाणी लिहिलेला! नवखा माणूस नियम शोधीत येणार आणि रिकाम्या हाताने परतणार. म्हणून जुन्या जागी नवा पत्ता सांगणारी एक ओळ ठेवली. शिवाय कर्नलसोबत एक छोटा प्रोग्रामही असतो. उल्लेख आहे पण फाइल नाही, अशा जागा तो हुडकून दाखवितो.