रडणाऱ्याआधी गप्प असलेल्याकडे पाहा

डॉक्टर झाला तरी माणूस कार्यक्रमाला जातो तो गाणी ऐकायला आणि चार ओळखीची माणसे भेटावीत म्हणून. 2019 च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शनिवारी, मीही असाच गेलो होतो. डहाणू-तलासरी भागातील एका चर्चचे सभागृह. नाव मुद्दाम देत नाही. तीनशे माणसांच्या जागेत पाचशे तरी असावीत. स्टेज म्हणजे शाळेची बाके, वर फळ्या आणि काथ्याने बांधलेले बांबू. शेवटच्या गाण्याला आयोजकांनी हौसेने सगळ्याच मुलांना वर बोलावले. मुले टाळ्या वाजवीत एका ठेक्यात उड्या मारू लागली आणि मधली दोन बाके एकदम बसली.

आवाज झाला तसा मागून कोणीतरी ओरडले, "भूकंप!" वाचकांना आठवत असेल, नोव्हेंबर 2018 पासून आपल्याकडे धक्के सुरू होते. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, त्या दिवशी भीतीने पळताना पडून आपल्या तालुक्यात एका चिमुरडीचा जीव गेला होता. ती धास्ती सर्वांच्या मनात होती. सगळी गर्दी एकाच दाराकडे लोटली. स्टेजवरून पडलेल्यांपेक्षा दारात चेंगरलेल्यांना जास्त लागणार, असे मला वाटले. सुदैवाने माइकपाशी असलेल्या एका शिक्षकांनी प्रसंगावधान राखले. "भूकंप नाही, फळी मोडली आहे, जागेवर बसा," असे ते शांतपणे चारपाचदा म्हणाले. लोक खरेच बसले. त्या दिवशी सर्वांत मोठा उपचार त्या शिक्षकांनी केला, असे मी आजही मानतो.

गर्दीत माणूस मरतो तो बहुधा पायाखाली तुडवला जाऊन नव्हे. चारी बाजूंनी दाब आला की छातीचा भाता फुगत नाही; हवा भोवती असूनही आत जात नाही. उभ्या उभ्या माणूस गुदमरतो, आणि तेही काही मिनिटांत. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर 23 माणसे गेली. तिथेही पूल पडल्याची आवई उठली होती असे सांगतात. पूल पडलेला नव्हता. अशा वेळी दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेली चप्पल किंवा पिशवी उचलायला वाकू नये. लोंढ्याविरुद्ध जोर न लावता तिरके सरकत कडेला यावे. लहान मूल कडेवर उंच घ्यावे.

सामान मोडते का, हा खरे तर इंजिनियरचा प्रश्न. पण हिशेब साधा आहे. चौरस मीटरभर जागेत चार मोठी माणसे दाटीने उभी राहिली की अडीचशे किलोच्या आसपास भार होतो, आणि ती एका ठेक्यात नाचली की तो कितीतरी वाढतो. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण दगावले. त्याआधी 18 मे 2017 रोजी गोव्यात सावर्डे येथे बंद असलेला जुना पादचारी पूल पडला. नदीत उडी घेतलेल्या एकाचा शोध चालला होता आणि तो पाहायला लोक त्या पुलावर जमले होते! बघ्यांची हौस हा वेगळाच रोग आहे. त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

आता स्टेजकडे वळू. मी आधी विजेचे मेन स्विच बंद करायला लावले, कारण दिव्यांच्या वायरी फळ्यांखाली अडकल्या होत्या. मग रडणाऱ्या मुलांना सोडून गप्प पडलेल्यांकडे गेलो. जो मोठ्याने ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. जो गप्प आहे, घामेजला आहे, पांढराफटक दिसतो, त्याला आधी पाहावे. दोघे उत्साही तरुण एका मुलीला काखेत धरून ओढू लागले होते, त्यांना थांबवावे लागले. मणक्याला इजा असेल तर अशा ओढाताणीने जन्माचे अपंगत्व येते. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून सपाट फळीवर घ्यावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, मधे मधे उचलून पाहू नये. शरीरात घुसलेला खिळा किंवा सळई घरी उपटू नये. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. 108 ला फोन करताना गाव, जवळची खूण आणि जखमींची संख्या सांगावी.

हातपाय अवजड वस्तूखाली नुकताच सापडला असेल तर लगेच सोडवावा. पण तास दोन तास दबून राहिला असेल तर गोष्ट निराळी. चेंगरलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये आणि पोटॅशियम दाब निघताच रक्तात उतरतात. हृदय अचानक थांबू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. 1941 साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून काढलेल्या रुग्णांत डॉ. बायवॉटर्स यांनी हे दाखवून दिले. म्हणून इमारत कोसळली असेल तर डॉक्टर येऊन सलाईन सुरू होईपर्यंत बचाव पथकाचे ऐकावे.

आणि आता माझी चूक. चौदा वर्षांचा एक मुलगा पडल्या पडल्या उठला होता. विचारले तर हसत म्हणाला, "काय नाय झाला, डॉक्टर." बरगडीपाशी थोडे खरचटले होते. मी पाठीवर थाप मारली, धनुर्वाताचे इंजेक्शन उद्या घे म्हणालो आणि त्याला घरी पाठवले. पोट हाताने तपासलेही नाही. रात्री अकराला त्याची मावशी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात घेऊन आली. "खांदा दुखतो म्हणतो, आणि दोनदा चक्कर आली." दुखत होता डावा खांदा, खांद्याला तर काहीच लागले नव्हते. नाडी एकशे तीस, हातपाय गार.

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, जुनी माणसे जिला पाणथरी म्हणतात ती. ती फुटली की पोटात रक्त साठते, आणि त्याची कळ डाव्या खांद्यात उमटते. वरवरच्या मुसळामागे आत हे चाललेले असते. मलेरियाने पाणथरी वाढलेली असेल तर किरकोळ माराने देखील ती फुटते, आणि आपला भाग मलेरियाचा. रातोरात त्याला वापीला हलवले. पाणथरी काढावी लागली, चार बाटल्या रक्त लागले. आणखी तासभर उशीर झाला असता तर, हा विचार मी फार करत नाही.

तेव्हापासून पोटाला किंवा बरगडीला मार लागलेल्या कोणालाही मी पोट तपासल्याशिवाय सोडत नाही, आणि सोडले तरी रात्री घरच्यांनी जागे राहावे असे सांगतो. पोट फुगणे, डावा खांदा दुखणे, चक्कर, घाम, वाढती तहान यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. डोक्याला मार असेल तर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा न उतरणारी झोप यांवर चोवीस तास लक्ष ठेवावे.

मुलगा आता कमावता झाला आहे. पाणथरी नसल्याने काही जंतुसंसर्ग आणि मलेरिया त्याला इतरांपेक्षा जास्त धोक्याचे; न्यूमोनियाची लस दिलेली आहे. ताप आला की तो त्याच दिवशी येतो. गेल्या पावसाळ्यात दोनदा आला, दोन्ही वेळा रक्त तपासले, मलेरिया निघाला नाही.