बाबांच्या अॅम्पला वाय-फायची जोड

तुमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एखादा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन दणकट स्पीकर धूळ खात पडलेत का? दिवाळीच्या साफसफाईत आई दरवर्षी ‘हे भंगारात द्या’ म्हणते आणि बाबा ‘अजून चालतोय’ म्हणत ते वाचवतात? मग यंदा बाबांची बाजू घ्या. सोनोडाइन, फिलिप्सच्या त्या जुन्या सिस्टीम धड असतील, तर आजच्या चिमुकल्या ब्लूटूथ स्पीकरला आरामात मागे टाकतात. अडचण एकच, त्यांना तुमची प्लेलिस्ट कळत नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचवणारी छोटी डबी म्हणजे नेटवर्क म्युझिक स्ट्रीमर.

ब्लूटूथ असताना हे कशाला?

ब्लूटूथमध्ये गाणं आधी फोनवर येतं, तिथं पुन्हा दाबून लहान केलं जातं आणि मग पुढे जातं. मित्राचा कॉल आला की गाणं बंद. फोन घेऊन किचनमध्ये गेलात की आवाज तुटायला लागतो. स्ट्रीमर मात्र थेट वाय-फायवरून गाणं खेचतो. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्ट वापरलं, तर फोन फक्त रिमोटचं काम करतो.

घेताना काय बघाल?

आधी अॅम्पच्या मागे डोकवा. स्ट्रीमरला अॅनालॉग आउट असेल, तर लाल-पांढरी आरसीए केबल ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ इनपुटला लावा. ‘फोनो’ला चुकूनही नको, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, आवाज फाटून येईल. स्ट्रीमरला फक्त ऑप्टिकल आउट असेल, तर डॅक वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढला. केबलसाठी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली तरी भागतं.

दुसरं, मोठ्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं. सीडीचा दर्जा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि सीडी ते सगळं सामावून घेते. तेवढं नीट वाजलं तरी पुष्कळ. उरलेले पैसे स्पीकरवर लावा, फरक तिथं ऐकू येईल.

तिसरं, ‘गॅपलेस प्लेबॅक’ आहे का ते विचारा. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्येच गचका बसला, तर आजोबा पुन्हा कॅसेटकडे वळतील!

पीजीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. लॉगिन पेज उघडणाऱ्या वाय-फायवर बरेच स्ट्रीमर जोडलेच जात नाहीत. आधी खात्री करा, मगच ऑर्डर करा. नेटचा स्पीड हा मुद्दाच नाही. सीडीच्या दर्जाला दीड एमबीपीएससुद्धा लागत नाही. सिग्नल स्थिर हवा.

डबी किती वर्षं टिकेल?

खरा प्रश्न हा आहे. अॅम्प तीस वर्षं चालतो, कारण तो कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नसतो. स्ट्रीमर असतो. गूगलनं २०१५मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ आणला आणि २०१९च्या सुरुवातीला उत्पादन थांबवलं. मार्च २०२५मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ठणठणीत असलेली ही यंत्रं अडून बसली. गूगलनं अपडेट दिला, तेव्हा ती पुन्हा चालू झाली. उलट लॉजिटेकनं २०१२मध्ये गुंडाळलेले स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे आणि हौशी मंडळी ते सांभाळतायत.

म्हणून एकाच कंपनीच्या अॅपवर चालणारी वस्तू टाळा. डीएलएनए, एअरप्ले, स्पॉटिफाय कनेक्ट असे दोन-तीन मार्ग असले, की एक बंद पडला तरी दुसरा उरतो. हाताला किडे असतील तर रास्पबेरी पाय घ्या, त्यावर डॅक बोर्ड चढवा आणि मूड ऑडिओ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. एक रविवार जाईल, पण दुरुस्ती कायम तुमच्या हातात राहील.

आणि हो, पैसे भरण्याआधी बाबांचा अॅम्प एकदा चालू करून बघा. फोनच्या हेडफोन जॅकमधून साधी ऑक्स केबल लावा. दोन्ही स्पीकर स्वच्छ वाजले, तरच पुढचा खर्च करा.