कुलूप राहिले अडॅप्टरला

चेकवरची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत ताडून पाहण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्या माणसाने पडद्यावरचा एक आकडा वाचू नये, याला काय म्हणावे? आकडा सोळाचा होता. असायला हवा होता बत्तीसचा.

दिवाळीच्या सुटीत धाकट्या भावाची नात नायगावला आली ती रास्पबेरी पाय नावाचा संगणक घेऊन. तळहातावर मावणारा हा संगणक केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला काढला. शाळकरी मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकावे, म्हणून स्वस्त ठेवलेला. त्यामुळे त्याच्या पोटात हार्ड डिस्क नाही. सगळी अक्कल नखाएवढ्या मेमरी कार्डावर. कार्ड नसेल तर तो नुसता हिरवा पत्रा.

बाजारासाठी नांदेडला निघताना पोरीने सांगितले, "आबा, तेवढं कार्ड लिहून ठेवा." आमच्या पिढीत कार्ड लिहायचे म्हणजे क्षेमकुशल कळवायचे! पण तिने आदल्या दिवशी मला सगळे समजावले होते आणि मला ते कळलेही होते, हीच खरी गोम.

तिने सांगितले ते असे. ऑपरेटिंग सिस्टिमची फाईल कार्डावर नुसती कॉपी करून भागत नाही. तिची 'इमेज' लिहावी लागते. कॉपी म्हणजे लेजरच्या एका पानावर एक नोंद वाढवणे. इमेज लिहिणे म्हणजे लेजरच बदलणे: पहिल्या पानापासून, अनुक्रमणिकेसकट, कोऱ्या पानांसकट. कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटांत कार्डाची वाटणी कशी झाली आहे त्याची नोंद असते. इमेज लिहिली की तिथे नवे वाटणीपत्र येते. जुन्या वारसांना कोणी विचारत नाही.

मी इमेजर नावाचा प्रोग्रॅम उघडला, कार्ड निवडले. त्याने विचारले, कार्डावरचे सगळे पुसले जाईल, चालेल का? मी 'हो' दाबले. शनिवारी दुपारी व्हाउचरच्या गठ्ठ्यावर सह्या करताना जसा हात चालतो, तसा चालला.

लिहून झाल्यावर हा प्रोग्रॅम कार्ड पुन्हा वाचतो आणि सगळे बरोबर उतरले का ते पडताळतो. हे मला फार आवडले. आमच्या बँकेत अशी यंत्रे असती तर कितीतरी रात्री घरी लवकर जेवलो असतो. त्या खुशीत मी मेजाकडे पाहिले. नव्या कार्डाचे पाकीट तिथेच पडले होते. न फोडलेले.

कार्डरीडरमध्ये मायचे कार्ड होते.

२०१३ साली मी कॅमेऱ्यावर मायचे चित्रण केले होते. जात्यावरच्या ओव्या, गावातल्या माणसांची नावे, रझाकारांच्या दिवसांत रातोरात घर सोडले त्याची हकीकत. माय २०१६ साली गेली. ते कार्ड अडॅप्टरमध्ये घालून, अडॅप्टरच्या कडेची बारीक खिट्टी 'लॉक'वर सरकवून मी कपाटात ठेवले होते. त्यावर आता काही लिहिता येणार नाही, या भरवशावर. आदल्या रात्री तिची आठवण झाली म्हणून कार्ड काढून रीडरमध्ये घातले आणि विसरलो. खिट्टी असते अडॅप्टरला. नखाएवढ्या कार्डाला कुलूप नसते.

पडताळणी उत्तम झाली. प्रोग्रॅमच्या लेखी काहीच चुकले नव्हते.

पोरगी संध्याकाळी आली. मी सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, "आबा, ते पायमध्ये घातलं नाही ना?" नव्हते घातले. पहिल्यांदा सुरू होताना ही सिस्टिम आपली हद्द कार्डाच्या शेवटच्या टोकापर्यंत वाढवून घेते. तिथवर गोष्ट गेली असती तर आणखी काही गेले असते.

सातबाऱ्यावरचे नाव गेले म्हणून रानातले पीक लगेच नाहीसे होत नाही. इमेज होती सुमारे पाच जीबीची, कार्ड सोळाचे. पहिल्या पाच जीबीवर नवे लिहिले गेले होते, ते कायमचे गेले. त्यापलीकडचे चित्रण जागच्या जागी होते, फक्त त्याचा पत्ता सांगणारी अनुक्रमणिका उरली नव्हती. पोरीने मूळ कार्डाला हात न लावता आधी त्याचीच इमेज संगणकावर उतरवून घेतली. ज्या विद्येने घात केला, तीच उलट्या बाजूने वापरली! त्यासाठी 'डीडी' नावाची जुनी आज्ञा आहे. तिला कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे हे सांगावे लागते, आणि दोन्ही खुणांत अक्षराचाच काय तो फरक. उलटसुलट झाले तर सगळे साफ. जाणकार तिला थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. पोरीने ती ओळ तीनदा वाचली, मगच बटण दाबले. मी गप्प बसून पाहत होतो.

त्या उतरवलेल्या प्रतीवर तिने फोटोरेक चालवला. क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसाचा हा फुकटचा प्रोग्रॅम अनुक्रमणिका पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलच्या आरंभी ठरावीक खूण असते, ती तो शोधत जातो. गुराखी कळपातली गुरे कानाच्या खुणेवरून ओळखतो, तसे.

रात्री अकरापर्यंत एकोणीस फाईली निघाल्या. पहिल्या सकाळच्या ओव्या नव्हत्या. मी कॅमेरा शिकत होतो तेव्हा घेतलेल्या, हललेल्या, अर्धवट उजेडातल्या. त्याच पहिल्या पाच जीबीत होत्या. पोरगी म्हणाली, "अजून एकदा बघू का?" पाहिले. नव्हत्या.

मिळालेल्या फाईलींना नावे नाहीत. नावाच्या जागी मोठाले आकडे आहेत. ते आकडे कार्डावरची जागा सांगतात, त्यावरून आधीचे कोणते, नंतरचे कोणते, एवढा अंदाज येतो. आता रोज रात्री जेवणे झाली की आम्ही एकेक फाईल ऐकतो आणि मी एका जुन्या रजिस्टरात नाव लिहितो. 'रझाकार, बैलगाडी'. 'अंबाडीची भाजी'. 'धाकट्याचे बारसे, पाऊस'. चौदाव्या फाईलीत चित्र काळे आहे, कॅमेरा माझ्या मांडीवर असावा. मायचा आवाज तेवढा येतो: "बंद केलास का रे ते? मग पुन्हा सांगते."

पुढे काही नाही. मी खरोखरच बंद केला होता.

नव्या कार्डावर पोरीने दुसऱ्या दिवशी सिस्टिम लिहिली. आकडा मला मोठ्याने वाचायला लावला. बँकेत असताना आम्ही बॅकअपची एक प्रत शाखेत आणि दुसरी बाहेर ठेवत असू. घरी मात्र कधी ठेवली नाही. आता मायच्या एकोणीस फाईलींची एक प्रत नायगावच्या कपाटात आहे, दुसरी लातूरला मुलीकडे पाठवायची आहे. कुरिअरने नको म्हणतो मी. सोमवारी पहिल्या एसटीने स्वतः घेऊन जाणार आहे.