करडांचे ‘डोळे येणे’

‘डोळे येणे’ हा प्रयोग करडांच्या बाबतीत फसवा ठरतो. त्या एका नावाखाली दोन भिन्न व्याधी दडतात. डोळ्यांतून पाणी गळणे, उजेड सहन न होणे, चिपड धरणे व पुढे बुबुळावर पांढुरके फूल पडणे, ही मायकोप्लाझ्मा अथवा क्लॅमिडिया या सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या सांसर्गिक रोगाची लक्षणे होत. माशा तो कळपात पसरवितात. परंतु नवजात करडाची पापणी आत वळून केस बुबुळास घासत असल्यासही हेच दिसते. तेथे केवळ मलमाने भागत नाही, पापणीच बाहेर वळवावी लागते. म्हणून प्रथम पापणीची कड पाहावी. रोग सांसर्गिक असल्यास करडू वेगळे, सावलीत बांधावे व पशुवैद्याच्या सल्ल्याने टेट्रासायक्लिनचे मलम घालावे. फूल म्हणजे अंधत्व नव्हे. पुष्कळदा ते विरते. बुबुळावर व्रण असता स्टेरॉइडयुक्त थेंब मात्र डोळा गमावण्यास कारण होऊ शकतात.