रस्ता पोखरतो कोण?



परभणीहून गंगाखेडकडे निघाले की अठरा-वीस किलोमीटरवर पोखर्णी हे गाव लागते. नृसिंहाच्या देवळामुळे ते आसपासच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे आणि परभणी-परळी लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्थानकही आहे. गावापर्यंत नेणारा रस्ता मात्र बरीच वर्षे वेगळ्याच कारणासाठी ओळखला जात असे. ते कारण म्हणजे खड्डे!

गावाच्या नावावरून ‘पोखरणे’ हे क्रियापद सहज आठवते. भुंगा लाकूड पोखरतो, उंदीर शेताचा बांध पोखरतात. मग रस्ता कोण पोखरतो? कोणी पावसाला दोष देईल, कोणी ट्रकना, कोणी रस्ता बांधणाऱ्यांना. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. परंतु खड्डा नेमका कसा तयार होतो हे समजल्याशिवाय दोष कोणाचा किती ते ठरवता येणार नाही. हा प्रश्न क्षुल्लक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत आपल्या देशात १,८५६ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा चला, खड्ड्याचे पदार्थविज्ञान पाहू या.

पायाखालची माती

रस्ता वाहनांचे वजन पेलतो असे आपण म्हणतो. खरे पाहता रस्ता ते वजन पसरवून खालच्या जमिनीकडे सोपवतो. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलोग्रॅम असतो आणि जवळजवळ तेवढाच दाब टायर डांबराच्या पृष्ठभागावर देतो. खडीच्या थरांतून खाली जाताना तेच वजन अधिकाधिक क्षेत्रावर पसरते व दाब कमी होत जातो. शेवटी वजन पेलते ती मातीच.

ही माती मराठवाड्यात कोणती आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळी, कापसाची माती! शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, कारण ती पाणी धरून ठेवते. रस्ता बांधणाऱ्याला ती नकोशी, आणि तीही याच कारणासाठी. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधे शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी आटले की माती आकसते. म्हणून तर एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच शेतात पाय रुतून बसतो.

आता या मातीवर बांधलेल्या रस्त्याचा विचार करा. दर वर्षी त्याचा पाया एकदा फुगतो आणि एकदा आकसतो. शिवाय सगळीकडे सारखा नाही. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेची माती लवकर वाळते, मधली डांबराखाली झाकलेली असल्याने ओलसर राहते. कड खचते, मधला भाग तसाच राहतो, आणि रस्त्याच्या कडेला समांतर अशी लांबच लांब भेग पडते. अजून खड्डा दिसत नाही, पण त्याचा जन्म झालेला असतो.

मातीचे बळ मोजण्याची एक साधी रीत अभियंते वापरतात. पाच सेंटिमीटर व्यासाचा पोलादी दट्ट्या दाबलेल्या मातीत अडीच मिलिमीटर घुसवायला किती जोर लागतो ते पाहतात. उत्तम दाबलेल्या खडीला जेवढा जोर लागतो त्याला १०० मानले, तर चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा आकडा पुष्कळदा २ ते ३ इतकाच भरतो! कोरडी असताना हीच माती ढेकळासारखी कठीण असते. म्हणजे माती तीच, मधे आले ते फक्त पाणी.

गळके छप्पर

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन मॅकाडम (१७५६-१८३६) याने दोनशे वर्षांपूर्वी हे मर्म ओळखले होते. खालची माती कोरडी राहिली तर ती वाहनांचे वजन पेलू शकते, असे त्याचे सांगणे होते. या दृष्टीने रस्ता हे मातीवरचे छप्परच आहे. छप्पर गळू लागले की घर खचते.

भेगेतून पाणी आत शिरले की दुसरी गोष्ट सुरू होते. पाणी दाबले तरी जवळजवळ आकुंचन पावत नाही. पाण्याने भरलेल्या भेगेवरून ट्रकचे चाक गेले की आतले पाणी जोराने बाजूला आणि वर ढकलले जाते, आणि जाताना बारीक माती व खडीवरचे डांबर घेऊन जाते. चाक पुढे गेले की पाणी पुन्हा आत! हा पंप दिवसभर चालतो. खाली पोकळी तयार होते, वरच्या डांबराला आधार उरत नाही आणि एके दिवशी तो तुकडा खचतो. आपण म्हणतो, “काल तर इथे काहीच नव्हते!” वरून काही नव्हते हे खरे, खाली मात्र महिनोन् महिने काम चालू होते.

चौथ्या घाताचा हिशेब

आता वजनाकडे वळू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून लाखो वेळा ट्रक फिरवण्यात आले. या प्रयोगातून एक स्थूल नियम हाती आला. रस्त्याची झीज ही आसावरील वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा, ज्याला आपण ॲक्सल म्हणतो.

आसावरचे वजन दुप्पट झाले तर झीज २ × २ × २ × २ = १६ पट. वजन दीडपट झाले तरी झीज पाचपट. समजा, ट्रकच्या एका आसावर १० टन वजन आहे आणि मोटारसायकलीच्या मागच्या चाकावर २०० किलोग्रॅम. गुणोत्तर ५० चे. त्याचा चौथा घात ६२,५०,०००! म्हणजे ट्रकचा तो एक आस एकदा गेला की होणारी झीज मोटारसायकलीला साधायला साडेबासष्ट लाख फेऱ्या लागतील. जादा भरलेला उसाचा किंवा वाळूचा ट्रक रस्त्याला एवढा महाग का पडतो, ते आता ध्यानात आले ना?

चाक खड्ड्यात पडते तेव्हा

“गाडी जोरात काढली की खड्डा लागत नाही,” असे चालक म्हणतात. खरे आहे का हे? गणित करून पाहू.

समजा, मोटारीच्या एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार स्प्रिंगमार्फत येतो आणि चाक व त्याला जोडलेले भाग ४० किलोग्रॅमचे आहेत. चाकाखालची जमीन अचानक नाहीशी झाली तर दाबलेली स्प्रिंग चाकाला खाली ढकलते. म्हणजे ४० किलोग्रॅमच्या वस्तूवर ३४० किलोग्रॅम भाराएवढे बल. त्वरण होईल गुरुत्वत्वरणाच्या साडेआठ पट. खाली येताना स्प्रिंग सैल होते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी, पण अंदाजाला हे पुरे.

वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल तर ३० सेंटिमीटर लांबीचा खड्डा ०.०३ सेकंदात ओलांडला जातो. s = ½at² या सूत्राने तेवढ्या वेळात चाक सुमारे पावणेचार सेंटिमीटर खाली येते. वेग दुप्पट केला तर एक सेंटिमीटरसुद्धा नाही. म्हणजे लहान खड्ड्यापुरते चालकांचे म्हणणे बरोबर आहे.

पण खड्डा मीटरभर लांब आणि १० सेंटिमीटर खोल असेल तर? १० सेंटिमीटर खाली यायला चाकाला ०.०५ सेकंद पुरतात. तेवढ्यात गाडी अर्धा मीटरच पुढे गेलेली असते. चाक तळाला टेकते आणि पुढे उभी असते ती खड्ड्याची पलीकडची कड. वेग दुप्पट केला तरी चाक कडेपर्यंत पोचताना जवळजवळ तळालाच असते. आता गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग दुप्पट म्हणजे धक्क्याची ऊर्जा चौपट! रिम वाकते, पाटा तुटतो, दुचाकीवरचा माणूस फेकला जातो. लांबून येणारा खड्डा लहान की मोठा हे ओळखायला वेळ नसतो. म्हणून वेगावर भरवसा ठेवणे हा जुगार ठरतो.

मोठे चाक, लहान चाक

बैलगाडीची चाके एवढी मोठी का असतात, याचा कधी विचार केला आहे? चाकाची त्रिज्या R आणि पुढच्या कडेची उंची h असेल, तर चाक कडेवर चढवण्यासाठी आसाच्या ठिकाणी लागणारे आडवे बल असे येते:

बल = चाकावरील भार × √(2Rh − h²) ÷ (R − h)

कड १० सेंटिमीटर उंच धरू. बैलगाडीच्या ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला भाराच्या ०.६ पट बल लागते. सायकलीच्या ३४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला भाराएवढेच. स्कूटरच्या २२ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला मात्र दीडपटीहून अधिक! ज्या खड्ड्यातून बैलगाडी डुलत बाहेर येते, त्यातच स्कूटर उलटते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी बलाच्या आघूर्णाचा नियम वापरून हे सूत्र स्वतः सिद्ध करून पाहावे.

वाळवंटातले रस्ते

आपल्या पोखर्णीशी नावाने मिळतेजुळते पोखरण राजस्थानात, थरच्या वाळवंटात आहे. वाळवंटात पाणी नाही, म्हणजे तिथले कच्चे रस्ते सपाट राहत असतील का? तसे होत नाही. वाळू पाण्याने फुगत नाही हे खरे, परंतु कोरड्या कणांना एकत्र धरून ठेवणारे काही नसते. एखादा लहानसा उंचवटा आला की चाक उडते, पडताना खाचा पाडते, आणि पुढचे चाक त्या खाचा आणखी खोल करते. काही दिवसांत रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो. २००७ साली शास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल मार्गावर चाक फिरवून दाखवले की एका ठरावीक वेगाच्या खाली या लाटा तयारच होत नाहीत. मात्र तो वेग माणसाच्या चालण्याएवढा किंवा थोडा अधिक, त्यामुळे व्यवहारात उपयोगाचा नाही!

लाटांमधील अंतर एक मीटर आणि गाडीचा वेग ताशी १८ किलोमीटर असेल तर सेकंदाला ५ धक्के बसतात. बसलेल्या माणसाच्या धडाची नैसर्गिक वारंवारता साधारण ४ ते ८ एवढी असते. म्हणजे इथे अनुस्पंदन होते आणि पोट, पाठ, छाती अक्षरशः घुसळून निघतात. आपल्याकडे एकामागून एक खड्डे असलेल्या रस्त्यावरही हेच घडते. प्रसूतीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघालेल्या बाईला किंवा हाड मोडलेल्या रुग्णाला हा रस्ता काय वाटत असेल, याची कल्पना करा. वाळवंटातले चालक वेग ताशी ६०-७० पर्यंत वाढवतात. मग धक्क्यांची वारंवारता इतकी वाढते की गाडीला ते जाणवेनासे होतात. पण चाके निम्मा वेळ हवेत राहतात, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते.

मग करावे काय?

चालकाने वेग खड्ड्याच्या आधी कमी करावा आणि चाक खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते, पुढची स्प्रिंग आधीच दबते आणि धक्का झेलायला जागा उरत नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या खोलीचा अंदाज करू नये. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, आणि स्वच्छ पाण्यातही अपवर्तनामुळे तो वर आल्यासारखा भासतो.

खरा उपाय मात्र चालकाच्या हाती नाही. काळ्या मातीवर मुरमाचा जाड थर द्यावा लागतो, किंवा मातीत चुना मिसळावा लागतो. चुन्यातील कॅल्शियममुळे तिचे फुगणे कमी होते. रस्त्याची पाठ मधे उंच हवी. सात मीटर रुंद रस्ता मध्यभागी कडेपेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर उंच असला तर पाणी साचत नाही. दोन्ही बाजूंच्या नाल्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या हव्यात. आणि भेग दिसताच ती बुजवायला हवी. पाणी भरलेल्या खड्ड्यात खडी टाकून दाबणे म्हणजे ओल्या जखमेवर नुसती पट्टी बांधणे! हे ज्ञान नवे नाही. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली देशातील रस्त्यांविषयी अहवाल दिला, त्यातूनच पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि रस्त्यांची मानके ती तेव्हापासून ठरवत आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे खड्डा हा नशिबाचा भाग नाही, हे कायद्यानेही मानले आहे.

करून पाहा

शेतातील काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्या. प्रत्येकी १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी आणि दुसऱ्यात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरा. ढवळून बुडबुडे काढून टाका आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्ही पात्रांतील मातीचे आकारमान वाचा, त्यांतील फरकाला रॉकेलमधील आकारमानाने भागा आणि १०० ने गुणा. हा झाला तुमच्या मातीचा ‘मुक्त फुगवण निर्देशांक’. तो ५० च्या वर गेला तर तुमच्या गावच्या रस्त्याचा पाया चांगलाच फुगरा आहे असे समजा.

हाच प्रयोग मुरमाच्या मातीवरही करा. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर शाळेच्या रस्त्याच्या कडेला, वाहनांपासून दूर उभे राहून पाहा: पाणी कुठे साचते? नाली वाहते की तुंबली आहे? भेगा कोणत्या बाजूला आहेत? त्याचा नकाशा काढा आणि तारीख घालून ग्रामपंचायतीकडे द्या. पुढचा खड्डा कुठे पडणार हे तुम्हांला दोन महिने आधी सांगता येईल, आणि तो बुजवण्याची सर्वांत स्वस्त वेळ तीच असते.