अंगठ्याचे दुखणे : वात नव्हे, कंडरेचा विकार

गेल्या वर्षी ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ दोन महिन्यांचे झाले आणि तिचा उजवा अंगठा दुखू लागला. बाळाला उचलताना मनगटातून कळ येई. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळंतपणातला वात आहे, तेल लावून चांगला रगड." रगडले, दुखणे वाढले. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी खरे नाव सांगितले : डी क्वेर्व्हेनचा विकार. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली त्याचे वर्णन केले होते.

स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीस कंडरा म्हणतात. अंगठा फाकवणाऱ्या व ताठ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तेच ते काम सतत झाले की बोगद्याचे आवरण जाड होते, कंडरा अडखळतात. बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठा फाकलेला व मनगट वाकलेले असते. म्हणूनच नव्या आयांना हे दुखणे पुष्कळदा होते. कपडे पिळण्यानेही ते वाढते.

अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे झुकवावे. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीव्र कळ आली तर या विकाराची शंका घ्यावी. मात्र अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली तरी तेथेच दुखते. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

पहिला उपाय विश्रांती. अंगठा व मनगट दोन्ही स्थिर ठेवणारी पट्टी साधारण चार ते सहा आठवडे वापरतात. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-पंधरा मिनिटे शेकावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईने तसे आधी सांगावे. एवढ्याने न भागल्यास आवरणात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. त्याने बहुतेकांना आराम पडतो; मधुमेह्यांची साखर मात्र काही दिवस वाढू शकते. तरीही न थांबल्यास जागा बधिर करून आवरण मोकळे करण्याची लहानशी शस्त्रक्रिया करतात. रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

ताईला पट्टी आणि एका इंजेक्शनने बरे वाटले. तळवे वर करून, दोन्ही हात बाळाच्या खाली घालून उचलायलाही ती शिकली. पण पट्टी बांधून धुणे, भांडी तिनेच केली असती तर गुण आला नसता. ती कामे आम्ही भावंडांनी वाटून घेतली. पट्टी डॉक्टर देतात. विश्रांती घरच्यांनीच द्यायची असते.